आधी शेत, मग खोली

सोमवार, ३ मार्च

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी, आणि तब्येत अशी झकास की आज जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढलो. बसमधून दोन पेट्या उतरवल्या, एक कपड्यांची आणि एक पुस्तकांची. हमालाने पुस्तकांची उचलली आणि यात दगड भरलेत का म्हणून विचारलं. विचार भरलेत, असं मी सांगितलं. मग आडवी धरत नाही, सांडतील, म्हणाला. जिथला हमाल असं बोलतो तिथे माझं जमणार.

किडींचं संशोधन केंद्र गावाच्या टोकाला आहे. एक लांब व्हरांडा, सात खोल्या, मागे प्रयोगाचं बटाट्याचं शेत. केंद्रप्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता, पण त्या बोलल्या माझ्या भाषणांबद्दल. किडे मोजणारी माणसं त्यांच्याकडे आहेत, लोकांनी ज्याचं ऐकावं असं माणूस नव्हतं. बटाटा पोखरणारी पाकोळी ही या भागाची जुनी डोकेदुखी. कोणत्या गावातली पाकोळी कुठून आली हे तिच्या डीएनएवरून शोधायचं आणि गावोगाव जाऊन ते सांगायचं, हे माझं काम. अकरा वर्षं कॉलेजात शिकवताना आणि मिळेल त्या व्यासपीठावर मी हेच ओरडत आलो. कीड आभाळातून पडत नाही. माणसाच्या गाडीतून, टोपलीतून, पोत्यातून येते, आणि आणणाऱ्याला लाज वाटत नाही म्हणून पुन्हा येते. आता तेच पुराव्यानिशी सांगायला मिळणार.

खोली केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर मिळाली, वरच्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. घरमालक गोण्या शिवतात. वखारींमधली फाटकी बारदानं गोळा करायची, दाभण-सुतळीने शिवायची आणि छोट्या टेम्पोतून गावोगाव परत पोचवायची. म्हणून सगळे त्यांना टाकेकाका म्हणतात. कारकून कानावर पेन्सिल ठेवतो तसं ते दाभण ठेवतात. खालचा अख्खा मजला छतापर्यंत गोण्यांनी भरलेला आहे. काकूंनी चहा दिला आणि कपडे धुवायला खालीच टाकत जा, एकट्या माणसाचे दोन शर्ट काही जड नाहीत, असं बजावलं. काकांनी विचारलं, की सुतळीला शेवटी गाठ मारता येते, भाषणाला कशी मारता? मी म्हणालो, टाळ्या पडल्या की ती आपोआप बसते.

गुरुवार, ६ मार्च

आज पैदास खोली पाहिली. पाकोळी रात्रीची जागी असते आणि माणूस दिवसा कामावर येतो, म्हणून खोलीतले दिवस-रात्र उलटे केले आहेत. भर दुपारी आत अंधार, एक मंद लाल दिवा आणि जाळीच्या पिंजऱ्यांमधून पंखांची अगदी बारीक खसखस. पाकोळी नखाएवढी, राखेच्या रंगाची. बावीस वर्षांपूर्वी मूठभर पाकोळ्या आणून ही पैदास सुरू झाली. त्यानंतर बाहेरून एकही आत आलेली नाही.

खोली सांभाळतात त्या आत्या. कोणाच्या आत्या ते कोणालाच माहीत नाही. पहिल्या दिवसापासून त्याच आहेत आणि खोलीच्या मागे लागून असलेल्या एका खोलीत राहतात. या उकाड्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या. पाकोळ्यांना त्या 'लेकी' म्हणतात. पद्धत सोपी आहे. ट्रेमध्ये बटाटे पसरायचे, त्यांवर मलमलीचं पांढरं कापड अंथरायचं. माद्या कापडावर अंडी घालतात. अळी बाहेर पडली की कापडातून खाली उतरते आणि बटाट्यात शिरते. बटाट्यावर थेट घातलेली अंडी मोजता येत नाहीत म्हणून ती टाकून द्यायची. कापडावरची तेवढी ठेवायची.

नियम एकच आणि तो दारावर लिहिलेला: आधी शेत, मग खोली. शेताचं किंवा वखारीचं काम असेल तर ते आधी उरकायचं. एकदा खोलीत पाऊल टाकलं की त्या दिवशी बाहेरच्या बटाट्याजवळ फिरकायचं नाही. एप्रन तिथेच उतरवायचा, अंघोळ करायची, मग घरी. दाराशी दोरीला एक रजिस्टर लोंबतं, त्यात शेताची वेळ आणि खोलीची वेळ लिहून सही करायची. आत्या म्हणाल्या, की क्रम उलटा केलात तर माझ्या लेकी तुमच्या पाठीवर बसून सासरी जातील, आणि त्या माहेरी परत येणाऱ्यांतल्या नाहीत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. काकूंकडे चहाला चला म्हटलं, तर दार लावून घेतलं.

शुक्रवार, १४ मार्च

पंधरा गावांतल्या जुन्या नमुन्यांवर काम केलं आणि थक्क झालो. ही पाकोळी दुबळी उडणारी आहे. जन्मली त्या शेतापासून दोन-चार शेतांपलीकडे ती जात नाही. त्यामुळे नाल्याच्या अलीकडची वेगळी आणि पलीकडची वेगळी. एकाच शाळेतल्या मुलांची अक्षरं वेगळी असावीत तसं प्रत्येक गावाच्या पाकोळीचं वळण निराळं. कोणत्याही गावात दुसऱ्या गावाचं अक्षर दिसलं, की समजायचं, ते कोणीतरी नेलं.

पैदास खोलीतल्या मात्र सगळ्या एका साच्यातल्या. बावीस वर्षांत अडीचशेवर पिढ्या आपसातच झाल्या. त्यांच्या डीएनएमधला एक लहानसा तुकडा गळून गेलाय. बाहेरच्या एकाही पाकोळीत असं नाही. म्हणून प्रत्येक तपासणीत ओळखीसाठी खोलीतला एक नमुना बरोबर लावायचा असतो, यंत्र नीट चालतंय की नाही ते त्यावरून कळतं.

संध्याकाळी काकांना हे समजावलं. ते म्हणाले, म्हणजे पाकोळीचं आधारकार्डच की, आणि आमच्या टेम्पोला अजून लायसन नाही. काकूंनी पाठीत चापट मारली.

गुरुवार, २० मार्च

आज मी जिंकलो. आधी ते लिहितो.

सकाळपासून पैदास खोलीत होतो. आत्यांना ताप होता म्हणून कापडं मी बदलत होतो. अकराच्या सुमाराला बाईंचा निरोप आला. बटाटा उत्पादकांची सभा भरली आहे, ठरलेला वक्ता आलेला नाही, गाडी दारात उभी आहे. नियम आठवला, नाही असं नाही. पण चारशे माणसं बसली होती. अंघोळीला, कपड्यांना अर्धा तास गेला असता. आणि खरं सांगायचं तर एप्रन मी मुद्दाम अंगात ठेवला. पांढऱ्या एप्रनमधला माणूस खोटं बोलत नाही असं लोकांना वाटतं.

पाऊण तास बोललो. नंतर तीन गावांच्या वखारी पाहिल्या, बटाटे उचलून उचलून दाखवले. माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, की पाकोळीला पंख असतात पण लाज माणसाला असायला हवी. मागून एक शेतकरीण उठून म्हणाली, भाऊ, हे पाकोळीलाच ऐकवा, लाजून निघून जाईल. सभा हसली, मीही हसलो, आणि त्या हसण्यावर स्वार होऊन असा शेवट केला की लोक उभे राहिले.

परस्पर घरी आलो. एप्रन खुंटीला टांगला.

शुक्रवार, २१ मार्च

रजिस्टरमध्ये कालची नोंद राहिली होती. शेत सकाळी नऊ, खोली दुपारी दोन, असं लिहून सही केली. एवढ्याशा गोष्टीवरून आत्यांचं बोलणं कोण ऐकणार.

सोमवार, १४ एप्रिल

सभा झालेल्या गावातून एक गृहस्थ घडी केलेली चादर घेऊन केंद्रात आले. घडीत अंड्यांची रांग. मी सांगितलं, की आमची पाकोळी बटाट्यावर अंडी घालते, ही कपड्यातली कसर असेल, उन्हात टाका. त्यांना ते पटलं नाही. कसर कापड खाते, म्हणाले, हे कापड तर कुठेच खाल्लेलं नाही. मी त्यांना शाळेत कुठवर शिकलात असं विचारलं. आता लिहिताना ते बरं वाटत नाही.

दुपारी त्याच गावाच्या वखारीतून फोन आला. बटाटे पोखरलेत, आणि कधी नव्हे इतके.

रविवार, २७ एप्रिल

नऊ गावं झाली. मी नकाशा भिंतीला लावला, टाचण्या टोचल्या आणि एक-एक गावाला दोरा बांधत गेलो. दोरा जुळला तो टाकेकाकांच्या टेम्पोच्या रस्त्याशी. नऊच्या नऊ गावं त्यांच्या फेरीतली, फेरीबाहेरचं एकही नाही. नऊ गावांचे नमुने गोळा होऊन डीएनएचे निकाल यायला दोन आठवडे होते, पण वखारी सडत होत्या आणि सभा आजची होती.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. नाव न घेता बोट दाखवायची कला मला अवगत आहे. फाटक्या गोण्यांमधून मरण शिवून दारोदार पोचवणारे हात आपल्यातच आहेत, असं म्हणालो. आजच्या सभेला ते हात आले असतील तर त्यांनी स्वतःकडे बघावं, म्हणालो. काका तिसऱ्या रांगेत होते. मला ऐकायचं म्हणून नवा शर्ट घालून आले होते. टाळ्यांना सुरुवात त्यांनीच केली. मग आजूबाजूचे लोक वळून त्यांच्याकडे पाहू लागले आणि त्यांचे हात वाजता वाजता थांबले.

गोण्यांतून पसरली हे खरं आहे. नकाशा खोटं बोलत नाही. मला वाईट वाटायचं काही कारण नाही.

शनिवार, ३ मे

तीन गावांनी काकांच्या गोण्या रस्त्यावर आणून पेटवल्या. टेम्पो आज रिकामा परत आला, काचेवर शेण फेकलेलं. काकू बादलीभर पाणी घेऊन ते धूत होत्या आणि शेजारीण कट्ट्यावरून विचारत होती, अहो, पाकोळ्या पण धुता का गोण्यांबरोबर?

मला वाटलं, काका खोली सोडायला सांगतील. ते वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, की तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणता तर तसंच असणार. फक्त एवढं सांगा, मी प्रत्येक गोणी उन्हात वाळवतो, उकळत्या पाण्यातून काढतो, वडिलांनी शिकवलं तसं. मग आली कुठून? चूक कळली तर पुन्हा करणार नाही.

मी म्हणालो, निकाल येऊ द्या.

सोमवार, १२ मे

निकाल आले. नऊ गावं, एकशे ऐंशी पाकोळ्या, आणि सगळ्यांचं अक्षर एकच. गावागावांतली जुनी वळणं कुठेतरी तळाला दबलेली, वर सगळीकडे हीच. एकाच मुठीतून सगळं पेरलं गेलंय.

एकीतही तो तुकडा नाही.

मला वाटलं, ओळखीचा नमुना चुकून सगळ्या नळ्यांत सांडला. पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत तिसऱ्यांदा लावलं. खोलीतली पाकोळी आणि वखारीतली पाकोळी, दोन रेघा एकीखाली एक, केसाचाही फरक नाही.

वीस मार्च. माझा एप्रन. पहिली तीन गावं माझ्या सभेची. बाकीची सहा या घरातून गेली, माझ्या खुंटीखालच्या मजल्यावरून. उकळून वाळवलेल्या स्वच्छ गोण्यांवर माझ्या खोलीतून त्या खाली उतरल्या.

जेवायला खाली गेलो नाही. काकूंनी ताट जिन्यात ठेवलं.

मंगळवार, १३ मे

बाईंना अहवाल दिला. ओळखीच्या नमुन्याचा रकाना मी काढून टाकला. 'नमुना खराब झाला' असं खाली लिहिलं. त्याखाली सही केली.

बाई खूश. सगळीकडे एकच वाण, म्हणजे स्रोत एक, म्हणजे गोण्या. तुम्ही सभेत बोललात ते शास्त्राने सिद्ध केलं, म्हणाल्या. मान खाली घालून मी ते ऐकून घेतलं आणि त्यांना वाटलं, की मी विनयशील आहे.

सोमवार, १९ मे

एक गोष्ट मला आज सकाळी कपाट उघडताना कळली आणि तेव्हापासून मी खुर्चीत बसून आहे.

शर्टांवर पाकोळ्या बसल्या होत्या. पंख मिटून, ओळीने, शिवणीवर. खाली टोपलीत काकूंनी दिलेले बटाटे तसेच पडलेत, त्यांवर एकही नाही.

बावीस वर्षं आम्ही कापडावरची अंडी ठेवली आणि बटाट्यावरची फेकून दिली. जिला कापड आवडत नव्हतं तिचा वंश प्रत्येक महिन्याला बुडवला. जी अळी कापडातून खाली उतरली नाही ती मेली. अडीचशे पिढ्या. आता हिला बटाटा ओळखता येत नाही. हिला एवढंच ठाऊक आहे, की कापड दिसलं की त्यावर अंडी घालायची, मग ते गोणपाट का असेना, आणि कापडाखाली जे मऊ असेल ते खायचं असतं.

तो चादरवाला गृहस्थ. त्या चादरीखाली कोण झोपत होतं, हे मी विचारलंच नाही.

शनिवार, २४ मे

डाव्या हातावर, कोपराच्या आत, एक रेघ आहे. चंदेरी, नागमोडी. काल पेरभर होती, आज बोटभर. दुखत नाही. पानात अळी शिरली की पानावर अशीच दिसते, मुलांना फळ्यावर हजारदा काढून दाखवली आहे.

आत्यांकडे गेलो. बाही वर केली. त्यांनी पाहिलं, दार लावलं, आणि स्वतःच्या बाह्यांची बटणं एक-एक करून सोडली. मनगटापासून खांद्यापर्यंत जुन्या पांढऱ्या रेघा, एकीवर एक, जागा नाही अशा. त्या म्हणाल्या, की माणसात अळ्यांना हवं ते मिळत नाही. बरेच दिवस फिरतात, मग गळून पडतात, त्यांतल्या काही जगतात. तोवर आपण जाऊ तिथे त्या जातात. अकरा वर्षांपूर्वी आत्यांनी बाईंना हात दाखवला होता. बाईंनी मलम आणून दिलं आणि केंद्राचं नाव खराब होईल असं म्हणाल्या. त्या दिवसापासून आत्यांनी फाटक ओलांडलेलं नाही. भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत, बहीण गेली तेव्हाही नाही. लोक माणूसघाणी म्हणतात, म्हणू देत, म्हणाल्या. दुसरी खाट टाकता येईल, असंही म्हणाल्या.

मी विचारलं, टाकेकाकांचं काय.

त्या बटणं लावत राहिल्या. मग म्हणाल्या, मी गप्प बसले ते माझ्या जिवावर बसले हो. दुसऱ्याच्या डोक्यावर नाही बसले.

रविवार, १ जून

वखारीवाल्यांनी ठरवलंय. दहा तारखेला मोठी सभा. काकांनी सगळ्यांसमोर माफी मागायची, दाभण टेबलावर ठेवायचं, पुन्हा या धंद्यात पडणार नाही असं म्हणायचं. मग गाव त्यांना राहू देईल. मुख्य वक्ता मी.

बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला. अकरा वर्षं हजार-हजार माणसांसमोर बोललेल्या माझ्या तोंडून एक वाक्य निघेना. शेवटी उकाडा फार आहे असं म्हणालो. हो ना, म्हणाल्या.

पत्र चार वेळा लिहिलं. 'चुकून' हा शब्द प्रत्येकात आला. प्रत्येकदा फाडलं.

काकू मनगट खाजवत होत्या. सुतळीचे ओरखडे आहेत, म्हणाल्या. नागमोडी सुतळी कुठे असते. माझे शर्ट धुतात त्या.

गुरुवार, ५ जून

खोलीबाहेर पडत नाही. ताप आहे असं सांगितलंय. कपडे सगळे पिशवीत बांधून — पिशवीही कापडाचीच आहे.

आज काका आले. आत घेतलं नाही, दाराआडून बोललो. त्यांनी विचारलं, की माफी कशी मागतात. जन्मात कधी स्टेजवर चढलो नाही, म्हणाले, तुमच्याकडे शब्द आहेत, दोन ओळी लिहून द्या. जास्त मोठे शब्द नकोत, अडखळलो तर लोकांना वाटेल मनापासून नाही.

मी लिहून दिल्या.

मी लिहून दिल्या. चांगल्या लिहिल्या. दुसऱ्या ओळीत 'माझ्या हातून' असं होतं, ते लिहिताना माझ्या हातावरची रेघ मनगटाशी वळली होती. कागद दाराखालून सरकवला. त्यांनी तिथेच वाचला आणि आभार मानले.

त्यांनी माझे आभार —

सोमवार, ९ जून

रेघा सहा. एक मानेवर, आरशात दिसते. पांघरूण घेत नाही. उघड्या फरशीवर उघडा झोपतो तर त्या भिंतीवरून — वाट पाहतात. घाई नाही त्यांना.

खालून काकांचा आवाज येतो. पाठ करतायत. माझ्या हातून. माझ्या हातून गावाचं. काकू म्हणतात, हळू म्हणा, तिथे श्वास घ्या. माझीच ओळ. शाळेतल्या मुलासारखे पुन्हा पहिल्यापासून.

उद्या सभेत सांगायचं. सगळं. एप्रन, रजिस्टर, रकाना. ठरलं.

पण सभेत हजार माणसं. सुती कपड्यांतली, खांद्याला खांदा लावून. बायांच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली — मी तिथे जाऊन सांगितलं तर सांगता सांगता —

आणि नाही गेलो तर —

कोणाला तरी कागद द्यायचा. एवढं सोपं आहे. इतके दिवस सोपं होतं. दार बंद आहे ते पाकोळ्यांसाठी की माझ्या तोंडासाठी, हे मला आता —

मंगळवार, १० जून

दहा वाजले. खाली गाड्या थांबल्या. बाईंचा आवाज. मला न्यायला आलेत, मानाने.

जिन्यावर पावलं. एकट्याची. काका. दाराशी उभे आहेत. म्हणतात, आधी तुमची माफी मागतो, तुमच्या छपराखाली माझ्या गोण्यांनी तुम्हाला आजारी पाडलं. तुमच्या छपराखाली म्हणाले. घर त्यांचं.

कडी काढणार नाही. काढली तर ते मला मिठी मारतील, तसा माणूस आहे.

याच वहीचं हे पान फाडून दाराखालून सरकवतो. वाचायला येतं त्यांना. एक ओळ पुरे. 'चुकून' नको. मोठे शब्द नकोत.

काका, सभेला जाऊ नका. माफीचा तो कागद फाडा. तुमच्या गोण्या स्वच्छ होत्या. काकूंना आत्यांकडे पाठवा, त्यांना ठाऊक आहे. हे सगळं ज्याने केलं तो

दार वाजतंय. पुन्हा म्हणतायत, माझ्या हातून, बरोबर ना, की आमच्या हातून म्हणू? विचारतायत मला. लिहितो. लिहितोय. तो माणूस म्हणजे